झाडावरच्या टॅरँटुलासाठी पेटी निवडताना: उंचीच्या आधी दार आणि हवा

झाडावर राहणारा टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळायचं ठरलं की बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो "उंच पेटी घ्या" हा. सल्ला बरोबर आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. माझा पहिला अ‍ॅव्हिक्युलेरिया (झाडावरच्या टॅरँटुलांची एक प्रजाती) चांगल्या उंच पेटीत होता, तरी चार महिन्यांत गेला. त्या पेटीला हवेची भोकं फक्त वरच्या झाकणाला होती. या जातीला दमट हवा लागते असं वाचलेलं, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचो. आतल्या भिंतींवरचे थेंब कधी वाळायचेच नाहीत. शेवटच्या आठवड्यात तो वरचं जाळं सोडून खाली मातीवर येऊन बसला, मग पाय हळूहळू अंगाखाली ओढले गेले. ते चित्र आजही डोळ्यांसमोरून जात नाही, आणि हा लेख लिहायचं कारणही तेच आहे.

तेव्हापासून कुठलीही पेटी हातात घेतली की मी दोन प्रश्न आधी विचारतो. कोळी यात घर कुठे बांधेल? आणि हवा कुठून आत येऊन कुठून बाहेर पडेल? या दोन्हींची उत्तरं पटली तर बाकीचं जमवून घेता येतं.

आधी कोळी कोणता ते ठरवा

"झाडावरचे" म्हणून एकाच गटात धरले तरी हे सगळे सारखे राहत नाहीत. दक्षिण अमेरिकेतले अ‍ॅव्हिक्युलेरिया आणि मार्टिनिक बेटावरचा कॅरिबेना व्हर्सिकलर हे जाळ्याचे कारागीर. पेटीच्या वरच्या तिसऱ्या भागात पानं, साल, भिंत यांना धरून ते नळीसारखं जाड जाळं विणतात आणि बहुतेक वेळ त्यातच राहतात. त्यांना मोकळी हवा आणि जाळं अडकवायला भरपूर आधार लागतात.

भारत आणि श्रीलंकेतले पोइसिलोथेरिया मात्र झाडाच्या ढोलीत राहणारे. जाळं ते थोडंच विणतात. त्यांना हवी असते अंधारी, अंगाला घट्ट बसणारी फट. पोकळ साल दिली नाही तर दिवसभर कोपऱ्यात अस्वस्थ बसून राहतात आणि दार उघडलं की सैरावैरा पळतात. सॅल्मोपियस या दोन्हींच्या मधले. ते सालीच्या बुंध्याशी माती उकरतात, मातीचे कण जाळ्यात गुंफून पडदे करतात, म्हणून त्यांना तळाशी जास्त माती द्यावी लागते. आफ्रिकेतले हेटरोस्कोड्रा मॅक्युलाटा आणि स्ट्रोमॅटोपेल्मा कॅल्सिएटम हे फार चपळ आणि जहाल विषाचे. पहिल्यांदा पाळणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोइसिलोथेरियाबद्दलही सावध करतो. त्यांच्या अंगावर खाज आणणारे केस नसतात, बचावाला वेग आणि दंश एवढंच असतं. चावल्यावर स्नायूंना येणारे वांब काही दिवस, कधी त्याहूनही जास्त काळ येत राहतात. शिवाय ही सगळी प्रजाती २०१९ पासून सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि तिच्यातला निळा पोइसिलोथेरिया मेटॅलिका अतिसंकटग्रस्त आहे. रानातून उचललेला कोळी कधीही घेऊ नका. पाळीव पैदाशीचा आहे, त्याची कागदपत्रं आहेत आणि तुमच्याकडच्या कायद्यात तो पाळायला परवानगी आहे, याची खात्री पेटी घेण्याआधीच करून घ्या.

माप कसं काढायचं

टॅरँटुलाचं माप पायांच्या पसाऱ्यावरून घेतात. पुढच्या एका पायाच्या टोकापासून तिरकं, विरुद्ध बाजूच्या मागच्या पायाच्या टोकापर्यंत. हा पसारा एकदा कळला की अंदाज सोपा आहे: पेटीची रुंदी आणि खोली पसाऱ्याच्या दीडपट ते दुप्पट, उंची दुप्पट ते तीनपट.

पूर्ण वाढलेल्या अ‍ॅव्हिक्युलेरियाचा पसारा १२-१३ सेंटिमीटर असतो. त्याला २० × २० × ३० सेंटिमीटरची पेटी आयुष्यभर पुरते. सॅल्मोपियस इर्मिनियालाही साधारण तेवढीच चालते, फक्त माती जास्त घालायची असल्याने उंची थोडी वाढवली तर बरं. मोठ्या पोइसिलोथेरियाला ३० × ३० × ४५ सेंटिमीटर द्या.

उंची मोजताना एक चूक हमखास होते. बाहेरून पेटी ३० सेंटिमीटर दिसते, पण तळाशी ७ सेंटिमीटर माती गेली की उरतात २३. हिशेब मातीच्या वरच्या जागेचाच धरा.

जमिनीवरच्या टॅरँटुलाला अशी उंच पेटी कधीच देऊ नये. त्याचं पोट जड असतं, उंचावरून पडला तर फुटू शकतं. झाडावरचे अंगाने हलके आणि त्यांचे तळपाय रुंद. तळव्यांवर बारीक मऊ केसांची दाट गादी असते, त्यामुळे गुळगुळीत काचेवरही ते सहज चढतात. हात काचेच्या बाहेर ठेवून कधी जवळून बघा. प्रत्येक पायाचं टोक काचेवर टेकतं तेव्हा ती गादी पसरून मखमलीच्या ठिपक्यासारखी दिसते.

पिल्लांचा हिशेब निराळा. एक-दीड सेंटिमीटरच्या पिल्लाला मोठी पेटी दिली तर ते वर बसून राहतं, खाणं म्हणून सोडलेला किडा खाली फिरत राहतो आणि दोघांची गाठच पडत नाही. ते जेवलं की नाही हेही आपल्याला कळत नाही. पिल्लाला ५ सेंटिमीटर रुंद आणि ८ ते १० सेंटिमीटर उंच पारदर्शक डबी पुरते. पसारा ४-५ सेंटिमीटरचा झाला की मधल्या मापाचा, साधारण १० × १० × १५ सेंटिमीटरचा डबा, आणि ८-९ सेंटिमीटरला कायमची पेटी. म्हणजे सगळं मिळून दोनच स्थलांतरं. प्रत्येक वेळी कोळ्याचं विणलेलं घर मोडतं, म्हणून ती जितकी कमी तितकं चांगलं.

दार कुठे उघडतं?

पेटी निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ यावर घालवतो. अ‍ॅव्हिक्युलेरिया घर बांधतो वर, अगदी छताला लागून. दारही वरच असेल तर प्रत्येक वेळी झाकण उचललं की जाळं टरकन फाटतं. कधी कधी कोळी झाकणाला चिकटूनच वर येतो, आणि मग एका हातात झाकण, त्यावर धावणारा कोळी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली अशी अवस्था होते. एवढ्याशा गोंधळात कोळी हरवतात, दुखावतात.

म्हणून दार समोरून उघडणारं हवं, आणि दाराखाली किमान ६ ते ८ सेंटिमीटरची पक्की भिंत हवी म्हणजे माती सांडत नाही. समोरच्या दारातही प्रकार आहेत. बिजागरीवर बाजूला उघडणारं दार वापरायला सोपं, आणि हवं तेवढंच किलकिलं करता येतं. सरकत्या काचांच्या दाराला मात्र दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे फट राहते. ही फट दिसते त्यापेक्षा जास्त धोकादायक. टॅरँटुलाच्या अंगात सगळ्यात कमी दबणारा भाग म्हणजे छातीवरचं कठीण कवच. ते जिथून जातं तिथून बहुधा बाकीचा कोळी जातो. फट त्या कवचाच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी हवी, आणि लहान कोळ्याला तर सरकत्या दाराची पेटी देऊच नये.

उत्तम पेट्यांमध्ये समोरच्या बाजूचे दोन भाग केलेले असतात: वरचा कायम बंद, खालचा उघडणारा. पाणी भरणं, खाणं सोडणं, उरलंसुरलं उचलणं सगळं खालून होतं आणि वरच्या घराला धक्का लागत नाही. मिळाली तर अशीच घ्या.

घरच्या घरी करायचं असेल तर उलटी बरणी हा जुना आणि चांगला उपाय. फिरकीच्या झाकणाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी उलटी ठेवायची. झाकण होतं तळ, त्यात माती भरायची, आणि बरणीचा बूड होतो छत. उघडायची वेळ आली की बरणी वर उचलायची, जाळं बरणीबरोबरच वर जातं. रोजच्या कामासाठी बाजूला खालच्या अंगाला दोन बोटांएवढं भोक पाडून त्याला घट्ट बूच लावा, नाहीतर प्रत्येक खाण्याला बरणी उचलावी लागेल.

हवा

टॅरँटुलाची फुप्फुसं पोटाच्या खालच्या बाजूला असतात, वहीच्या पानांसारखी एकावर एक, अशा दोन जोड्या. तो आपल्यासारखा छाती भरून श्वास घेत नाही. भोवतालची हवा जशी असेल तशी आत जाते. म्हणून भोवतालची हवा हलती राहणं एवढं महत्त्वाचं. कोंदट ओल्या हवेत बुरशी आणि जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि अ‍ॅव्हिक्युलेरिया, कॅरिबेना यांची पिल्लं अशा डब्यात सगळ्यात आधी दगावतात. "दमट हवा पाहिजे" हे अर्धंच वाक्य आहे. त्यांना दमट आणि हलती हवा पाहिजे, आणि दोन्ही जमत नसेल तर थोडी कोरडी पण हलती हवा कधीही बरी.

हवा हलवायला पंखा लागत नाही. भोकं समोरासमोरच्या भिंतींना पाडा, एका बाजूला खाली, मातीच्या पातळीपासून तीन-चार सेंटिमीटर वर, आणि दुसऱ्या बाजूला अगदी वर. बाष्प असलेली ऊबदार हवा हलकी होऊन वरच्या भोकांतून बाहेर जाते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. चुलीच्या धुराड्यात हेच होतं. फक्त झाकणाला भोकं असतील तर ही ओढच तयार होत नाही. माझ्या पहिल्या पेटीत नेमकं हेच झालं होतं.

२० × २० × ३० च्या पेटीला मी दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटरची ३० ते ४० भोकं ठेवतो. पोइसिलोथेरिया आणि सॅल्मोपियसला थोडी कमी चालतात, कारण त्यांची माती जरा ओलसर राहिलेली बरी. पिल्लाच्या डबीला १ मिलिमीटरच्या सुईने भोकं पाडा, तीही दोन्ही बाजूंना, वीसेक तरी.

जाळीबद्दल. बऱ्याच तयार काचपेट्यांच्या छताला धातूची बारीक जाळी असते. टॅरँटुलाच्या प्रत्येक पायाच्या टोकाला बारीक नख्या असतात, त्या जाळीच्या छिद्रात अडकतात. झाडावरचा कोळी तर छताला उलटा लटकूनच फिरतो. नखी अडकली की तो हिसका देतो, आणि त्यात पाय तुटू शकतो. अशी पेटी आवडली असेल तर जाळी काढून त्या मापाचा अ‍ॅक्रिलिकचा पत्रा बसवा आणि त्याला भोकं पाडा. प्लास्टिकची किंवा कापडी जाळीही नको. मोठे कोळी ती विषदंतांनी कुरतडून काढतात.

काच, अ‍ॅक्रिलिक की साधा डबा

काच सरळ राहते, तिच्यावर ओरखडे पडत नाहीत आणि आत स्वच्छ दिसतं, पण ती जड असते आणि घरी भोक पाडायला अवघड. अ‍ॅक्रिलिक हलकं, ड्रिल करता येतं, माझ्या बहुतेक पेट्या त्याच्याच आहेत. त्याचा दोष असा की आत ओल आणि बाहेर कोरडं असं बराच काळ राहिलं तर पत्रा वाकतो. दार कोपऱ्यावर उचललं जातं आणि जिथे फट नव्हती तिथे ती तयार होते. पत्रा ३ मिलिमीटरपेक्षा पातळ नको, मोठ्या पेटीला ५ चा घ्या, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोपरे तपासा. स्पिरिटने पुसू नका, बारीक तडे जातात. साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

धान्य भरायचे पारदर्शक उंच डबेही छान चालतात. कोळ्याला पेटीच्या दिमाखाशी काही देणंघेणं नाही.

अ‍ॅक्रिलिकला भोक पाडताना मागे लाकडी फळी धरा, वरून चिकटपट्टी लावा आणि ड्रिल सावकाश फिरवा. जोर दिलात तर पत्रा तडकतो, वेग दिलात तर वितळतो. भोक पडल्यावर आतल्या बाजूच्या धारदार कडा जाड बिट हाताने फिरवून किंवा पॉलिश पेपरने घासून मऊ करा. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका, कारण त्याच कडांवरून कोळी मऊ पोट घासत जाणार असतो. तकलादू कडक प्लास्टिक ड्रिलने फुटतं; त्याला तापवलेल्या सुईने भोकं पाडा, मात्र उघड्यावर, कारण तो धूर विषारी असतो.

आतली मांडणी

साल कॉर्कचीच घ्या. ती हलकी असते, ओलीत सहसा कुजत नाही आणि खडबडीत असल्याने पकड मिळते. देवदार, चीड, निलगिरी यांसारखी तेलकट, उग्र वासाची लाकडं आत नकोत. अ‍ॅव्हिक्युलेरियाला अर्धगोल सालीचा तुकडा मागच्या भिंतीला किंचित तिरका टेकवा आणि वरच्या टोकाशी कृत्रिम पानांचा झुबका लावा. पानं, साल आणि भिंत यांच्या मधल्या सापटीत तो घर बांधतो. पोइसिलोथेरियाला पूर्ण नळीच्या आकाराची पोकळ साल द्या, आतून कोळी जेमतेम वळेल एवढी.

सालीचं वरचं टोक आणि छत यात पायांच्या पसाऱ्याएवढी तरी जागा सोडा. कात टाकताना कोळी जुन्या अंगातून पाय ओढून काढतो, तेव्हा त्याला लांब पसरायला जागा लागते. आणि सगळं सामान मागे ठेवा. दाराजवळची जागा मोकळी असेल तर कोळी दाराला जाळं बांधत नाही.

माती म्हणजे कोकोपीट, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये एवढीच ओली. अ‍ॅव्हिक्युलेरियाला ४-५ सेंटिमीटर, सॅल्मोपियस आणि पोइसिलोथेरियाच्या पिल्लांना त्याहून बरीच जास्त, कारण लहानपणी ती उकरतात. पाण्याची वाटी मोठ्या कोळ्याला कायम भरलेली हवी. वाटीत स्पंज घालू नका, त्यात घाण साठते. वर जाळ्यात राहणाऱ्यासाठी सालीला चिकटवलेली छोटी वाटी उपयोगी पडते. पिल्लाला वाटी लागत नाही. आठवड्यातून दोनदा एका भिंतीवर चार थेंब उडवले की ते तिथूनच पितं.

वस्तू चिकटवायला बुरशीनाशक न मिसळलेलं सिलिकॉन वापरा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा.

पेटी ठेवायची जागा २२ ते २८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहणारी असावी. थेट ऊन नको, बंद काच उन्हात काही मिनिटांत भट्टी होते. वरून दिवा किंवा तळाशी तापणारी गादी लावू नका. थंडी असेल तर खोलीच गरम ठेवा.

कोळी सोडण्याआधी आठ दिवस

मांडणी झाली की पेटी रिकामीच आठवडाभर ठेवा. मी या दिवसांत दोन परीक्षा घेतो. पहिली फटींची: रात्री खोलीत अंधार करून आत पेटता टॉर्च ठेवायचा आणि दार लावायचं. भोकांखेरीज जिथून उजेडाची रेघ बाहेर येईल ती प्रत्येक जागा मोजायची. बिजागरीशेजारची फट दिवसा अजिबात दिसत नाही, या परीक्षेत मात्र लगेच सापडते.

दुसरी हवेची. संध्याकाळी आतल्या एका भिंतीवर फवारा मारा. सकाळी थेंब तसेच असतील तर हवा कमी आहे, भोकं वाढवा, विशेषतः खालची. भिंत कोरडी आणि माती वरून सुकत आलेली, पण बोट घातल्यावर आत ओलसर लागली, तर पेटी तयार आहे.

या आठवड्यात पांढरी बुरशी आली तर घाबरू नका. माती थोडी कोरडी पडू द्या आणि स्प्रिंगटेल सोडा. हे डोळ्यांना जेमतेम दिसणारे पांढरे जीव बुरशी खातात, कोळ्याला त्रास देत नाहीत.

स्थलांतर

कात टाकून नुकताच मोकळा झाला असेल तर हात लावू नका. विषदंत पांढरे किंवा लालसर आहेत तोवर ते मऊ असतात. पूर्ण काळे झाले, वर आठवडा-दहा दिवस गेले, की मग हलवा. जुना डबा आणि नवी पेटी दोन्ही एका खोल, मोठ्या प्लास्टिकच्या टबात ठेवून काम करा म्हणजे कोळी सुटला तरी टबाच्या बाहेर पडायला वेळ लागतो. हाताशी एक मऊ कुंचला, एक पारदर्शक ग्लास आणि एक पुठ्ठा. कुंचल्याने मागच्या पायांना हलकेच स्पर्श केला की तो पुढे सरकतो. घाई केलीत की तो धावतो, अ‍ॅव्हिक्युलेरिया तर उडीही मारतो. जमत असेल तर जुनी सालच जाळ्यासकट नव्या पेटीत ठेवा. कोळी आपणहून बाहेर येईल, दोन दिवसांनी का होईना.

नव्या घरात तो सुरुवातीला भलत्याच कोपऱ्यात बसेल, खाणार नाही. आठवडा, कधी महिना. पाणी बदलत राहा, बाकी काही करू नका. मग एखाद्या रात्री टॉर्च लाल कागद लावून मारलात तर दिसेल: सालीच्या टोकाशी तो पोटाचं शेपटाकडचं टोक डावीकडून उजवीकडे झुलवतोय, आणि तंतुनलिकांमधून निघणारा रेशमाचा पट्टा पानाला चिकटतोय. सकाळी तिथे धुक्यासारखा पांढुरका पडदा असतो. त्यानंतर दोन दिवसांनी एक मध्यम आकाराचा रातकिडा चिमट्याने त्या पडद्याच्या तोंडाशी सोडा. रात्रभरात खाल्ला नाही तर सकाळी काढून घ्या आणि चार दिवसांनी पुन्हा द्या.